हायपरव्हायझरची निवड (बजेट बेताचे असताना)

बेताचे बजेट म्हणजे नेमके किती, हा आकडा कोणत्याही कारखान्यात कागदावर सापडत नाही. सिस्टीमवाला विचारतो, "साहेब, किती धरू?" साहेब म्हणतात, "आधी कोटेशन तर आण." कोटेशन आले की साहेब म्हणतात, "एवढं नको." सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनच्या सॉफ्टवेअरची निवड या दोन वाक्यांच्या मधल्या पट्टीत होते आणि तिला साधारण दोन पावसाळे लागतात.

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणे. हायपरव्हायझर नावाचा सॉफ्टवेअरचा थर खालचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून देतो, आणि वरच्या प्रत्येक मशीनचा समज असा राहतो की हे सगळे आपल्या एकट्याचेच. कल्पना नवी नाही. आयबीएमने साठच्या दशकातच तिच्यावर काम सुरू केले होते आणि १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. आपल्या टेबलाखालच्या पीसीच्या वंशातले एक्स८६ प्रोसेसर मात्र या कामासाठी घडवलेलेच नव्हते. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने त्यांच्यावरही हे जमवून दाखवले. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये यासाठीची सोय प्रोसेसरमध्येच घातली. अनेक बोर्डांवर ही सोय बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पहिला दिवस ती शोधण्यात जातो आणि त्या दिवसाचे श्रेय नंतर "पायाभूत अभ्यास" या सदराखाली घेतले जाते.

साहेबांना ही कल्पना समजावून सांगणे हा स्वतंत्र टप्पा आहे.

"म्हणजे सहा सर्व्हरचं काम एकच करणार?"

"हो साहेब."

"मग उरलेले पाच विकून टाक."

"टाकू. पण हा एक बंद पडला तर सहाही कामं बंद पडतील."

"मग?"

"म्हणून दोन घ्यायचे."

"आत्ता तर एक म्हणालास!"

"आणि त्या दोघांचं एकमत व्हावं म्हणून तिसरा एक छोटासा..."

इथे चहा येतो. तिसऱ्याचा विषय त्या दिवशी राहून जातो आणि त्याचे परिणाम पुढे दिसतात.

निवडीआधी हाताशी काय आहे याची मोजदाद करावी लागते. एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यात सर्व्हर रूम बहुधा जिन्याखाली असते. तिथे दीड टनाचा एसी, अकाउंट्सचा सर्व्हर, ईआरपीचा सर्व्हर, ड्रॉइंगच्या फायली, हजेरीचे मशीन आणि दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा इतक्या वस्तू असतात. शिवाय कोपऱ्यात एक जुना पीसी असतो. त्यावर सेलोटेपने चिकटवलेला कागद: "बंद करू नये." हा कागद कोणी लावला ते कोणाला ठाऊक नसते, कारण लावणारा नोकरी सोडून गेलेला असतो. पीसीवर विंडोज एक्सपी असते आणि त्याला मॉनिटर नसतो. धीर करून कोणी तो बंद केलाच, तर गेटवरून फोन येतो की वजनकाट्याची पावती निघत नाही आणि बाहेर सहा ट्रक उभे आहेत. अशा पीसीच्या डिस्कची हुबेहूब प्रत करून तिचे आभासी मशीन बनवता येते. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले डिस्क२व्हीएचडी हे काम फुकट करते. मात्र वजनकाट्याची केबल जुन्या सिरीयल पोर्टची असते, आणि आभासी मशीनला हा पोर्ट खालच्या सर्व्हरमधून मुद्दाम जोडून द्यावा लागतो. ते केले की पावती निघते. कागद मात्र नव्या सर्व्हरवर पुन्हा चिकटवला जातो.

यानंतर तीन कोटेशने मागवली जातात. तीन हा आकडा खरेदी खात्याने ठरवलेला असून त्याला अपवाद नाही. तिन्ही वेगवेगळ्या व्हेंडरची असावीत असा नियम असतो. प्रत्यक्षात पहिला व्हेंडरच "सर, बाकीची दोन मी पाठवायला सांगतो" असे म्हणून ती अडचण दूर करतो. त्यामुळे तिन्ही कागदांवर व्हर्च्युअलायझेशनचे स्पेलिंग एकाच अक्षरावर चुकलेले असते. तळाशी अठरा टक्के जीएसटी मात्र तिन्हींत अचूक असतो.

कोटेशनांपाठोपाठ तुलनेचा तक्ता तयार होतो. तो एक्सेलमध्ये असतो, त्यात चाळीसेक ओळी असतात आणि हिरवा-लाल रंग भरलेला असतो. कोणता हायपरव्हायझर एका क्लस्टरमध्ये किती हजार मशीन सांभाळतो, याची त्यात तपशीलवार नोंद होते. गरज सहा मशीनची असते. उपलब्धतेच्या रकान्यात ९९.९९९ टक्के हवे असे लिहिले जाते, म्हणजे वर्षातून जेमतेम सव्वापाच मिनिटे बंद. दर गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते आणि यूपीएसची बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकते, ही बाब तक्त्यात नसते, कारण तिला रकाना नाही. सफाईवाल्या मावशी व्हॅक्यूम क्लीनरसाठी कोणता प्लग काढतात, यालाही नाही.

आता उमेदवार.

व्हीएमवेअरची सवय बाजाराला इतकी जडली होती, की कित्येक लोक व्हर्च्युअलायझेशनलाच व्हीएमवेअर म्हणत. त्यांचा ईएसएक्सआय हा हायपरव्हायझर मर्यादित रूपात फुकट मिळे, आणि बेताच्या बजेटवाल्यांची अर्धी दुनिया त्यावर चाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून कंपनी घेतली. डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली आणि वर्षाच्या भाड्याची पद्धत आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटचा ईएसएक्सआयही गेला. जगभरच्या सिस्टीमवाल्यांनी शिव्या देत दुसरीकडे बिऱ्हाड हलवायला घेतले. निम्मे सामान हलले तोच एप्रिल २०२५ मध्ये फुकटचा ईएसएक्सआय परत आला, तोही एका अपडेटच्या टिपणातल्या ओळीतून. जे हलले होते त्यांनी "तत्त्वाचा प्रश्न आहे" असे जाहीर केले. जे आळसामुळे हललेच नव्हते त्यांनी "मी म्हटलंच होतं" असे सांगितले. या फुकटच्या आवृत्तीला बॅकअपची नेहमीची सॉफ्टवेअर जोडता येत नाहीत, हे दोघांनीही चारचौघांत काढले नाही.

विकतच्या व्हीएमवेअरचा हिशेब प्रोसेसरमधल्या कोअरवर चालतो आणि तो साहेबांसमोर मांडताना घसा कोरडा पडतो. नियम असा की प्रत्येक प्रोसेसरमागे कमीत कमी १६ कोअरचे पैसे भरायचे. कारखान्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन जुने सर्व्हर आणलेले असतात. प्रत्येकात दोन प्रोसेसर आणि प्रत्येक प्रोसेसरात आठ कोअर. खरे कोअर ३२, बिल ६४ चे.

"बाकीचे ३२ कुठे आहेत?" अकाउंट्सचे काका विचारतात.

"नाहीत काका."

"मग पैसे कशाचे?"

"नसलेल्यांचे."

"सेकंडहँड घेतल्यामुळे का?"

"नवीन घेतले असते तर जास्त कोअरचे आले असते. मग असलेल्यांचे भरले असते."

काका चष्मा काढून पुसतात. त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत अशी नोंद कोणत्या खात्यावर टाकायची हा प्रश्न आलेला नसतो. समाधानाची गोष्ट एवढीच की मोठ्यांनाही हा जाच चुकला नाही. अमेरिकेतली एटी अँड टीसारखी अवाढव्य कंपनी २०२४ मध्ये व्हीएमवेअरच्या पाठिंब्याच्या आणि लायसन्सच्या वादावरून न्यायालयात गेली होती.

दुसरा उमेदवार मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही. तो २००८ पासून विंडोज सर्व्हरसोबतच येतो, म्हणजे फुकट आहे असे सांगितले जाते. लग्नातले जेवण फुकट असते त्याच अर्थाने. केवळ हायपर-व्ही असलेली खरोखर फुकटची वेगळी आवृत्ती २०१९ ची शेवटची. नंतर ती काढलीच नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचे एक लायसन्स सर्व्हरचे सगळे कोअर धरून, पण किमान १६ कोअरचे घ्यावे लागते आणि त्यात दोन आभासी विंडोज मशीन बसतात. सहा मशीन हवी असतील तर तेच लायसन्स तीनदा. एक सर्व्हर पडला तर सहाही मशीन दुसऱ्यावर जावीत अशी इच्छा असेल, तर दुसऱ्या सर्व्हरवरही तीनदा, जरी तो वर्षभर हात बांधून उभा असला तरी. त्यावर प्रत्येक वापरणाऱ्यामागे किंवा यंत्रामागे सीएएल म्हणजे प्रवेशाचे वेगळे लायसन्स. हे सगळे समजावून सांगण्यासाठी व्हेंडरकडून जो माणूस येतो, तो दोन भेटींत दोन वेगळे आकडे सांगतो आणि दोन्ही वेळा त्याच्या चेहऱ्यावर तोच आत्मविश्वास असतो.

यातली खरी मेख पुढे आहे. वर चालणारी मशीन विंडोजची असतील, तर खालचा हायपरव्हायझर कोणाचाही असो, विंडोजचे हे लायसन्स चुकत नाही. फुकटचा हायपरव्हायझर टाकून विंडोजचा खर्च वाचला असे ज्या सादरीकरणात म्हटलेले असते, ते पुढच्या आर्थिक वर्षात कोणी उघडत नाही.

तिसरी वाट मुक्त सॉफ्टवेअरची. लिनक्सच्या गाभ्यातच २००७ पासून केव्हीएम नावाचा हायपरव्हायझर आहे. तो क्युमरानेट या छोट्या इस्रायली कंपनीत जन्मला आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी रेड हॅटने घेतली. नुसता केव्हीएम कमांड टाइप करून चालवता येतो. पण मग तो चालवणारा माणूस नोकरी सोडणार नाही याची हमी लागते, आणि अशी हमी पगारवाढीशिवाय मिळत नाही. झेन हा दुसरा घराणेदार हायपरव्हायझर केंब्रिज विद्यापीठातला. त्यावर आधारलेले एक्ससीपी-एनजी फ्रान्समधल्या ग्रनोब्लची वेट्स कंपनी चालवते. चांगले आहे. मात्र नाव नीट उच्चारता येत नसल्यामुळे मीटिंगमध्ये त्याची बाजू कोणी मांडत नाही. न्यूटॅनिक्सची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, पण ती शिकण्यापुरती. उत्पादनाच्या कामाला नाही. त्यामुळे फिरून फिरून गाडी येते प्रॉक्समॉक्सवर.

प्रॉक्समॉक्स व्हीई हे व्हिएन्नातल्या कंपनीचे उत्पादन. पहिली आवृत्ती २००८ ची, पाया डेबियन लिनक्सचा, आत केव्हीएम, आणि सगळे ब्राउझरमधून चालते. क्लस्टर, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर चालते मशीन हलवणे, बॅकअप, या सगळ्या सोयी पैसे न भरताही पूर्ण मिळतात. पैसे भरायचे ते तपासून घेतलेल्या अपडेटचे आणि मदतीचे, तेही कोअरवर नाही तर प्रोसेसरच्या सॉकेटवर. सर्वांत खालच्या पायरीची वर्गणी सॉकेटमागे वर्षाला शंभर-सव्वाशे युरो. मदत हवी असेल तर वरची पायरी घ्यावी लागते, आणि ती मदत ऑस्ट्रियातल्या कामाच्या वेळेत मिळते. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. तेव्हा बिघाड शक्यतो जेवणानंतर व्हावा.

फुकट वापरणाऱ्याची पहिली भेट ४०१ या त्रुटीशी होते. मूळ मांडणीत अपडेट वर्गणीदारांच्या भांडारातून येतात, आणि वर्गणी नसलेल्याला ते भांडार दारातूनच परत पाठवते. भांडार बदलले की हे मिटते. पण लॉगिन केल्यावर येणारी चौकट मिटत नाही. "नो व्हॅलिड सबस्क्रिप्शन" अशी ती चौकट असते आणि नेमके साहेब मागे उभे असताना ती उठून दिसते.

"हे काय? आपण चोरीचं वापरतोय का?"

"नाही साहेब, हे फुकटच आहे."

"फुकट आहे तर ते पैसे का मागतंय?"

"मागत नाही साहेब. नुसती आठवण करून देतंय."

"मग भर ना पैसे, कितीसे आहेत?"

सिस्टीमवाला आकडा सांगतो. साहेब म्हणतात, "ओके दाबायला किती वेळ लागतो?" आणि विषय संपतो. काही उत्साही मंडळी प्रॉक्समॉक्सलिब डॉट जेएस या फायलीतली ओळ बदलून चौकट घालवतात. पुढच्या अपडेटला फाइल नवी येते आणि चौकट परततेच. ती घालवण्यात जितके तास गेले, त्यांचा पगार मांडला तर वर्गणी स्वस्त पडली असती. पण तासांचे कोटेशन कोणी मागवत नाही.

विंडोजचे आभासी मशीन बसवताना इन्स्टॉलर सांगतो की डिस्कच नाही. आहे, पण वेगवान व्हर्टआयओ डिस्कचा ड्रायव्हर विंडोजजवळ नसतो. त्यासाठी ड्रायव्हरची दुसरी आयएसओ फाइल जोडून, योग्य फोल्डर उघडून तो द्यावा लागतो. मग डिस्क दिसते, विंडोज बसते आणि नेटवर्क दिसत नाही. त्याचाही ड्रायव्हर त्याच फायलीत, शेजारच्या फोल्डरात असतो. व्हीएमवेअरवरून आणलेली मशीन तर पहिल्याच बूटला निळा पडदा दाखवतात. त्यांना आधी साटाची डिस्क म्हणून उठवायचे, ड्रायव्हर घालायचा आणि मग व्हर्टआयओवर न्यायचे, हा शिरस्ता आहे. २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्ये ईएसएक्सआयवरून मशीन थेट ओढून घेणारी सोय आली आहे. तिने काम सोपे झाले. निळा पडदा तेवढा वारशात मिळाला.

आता चहामुळे राहिलेला तिसरा. क्लस्टरमधल्या प्रत्येक सर्व्हरला एक मत असते आणि बहुमत असेल तरच क्लस्टर नवे काम हाती घेतो. दोन सर्व्हर असतील तर दोनाचे बहुमत म्हणजे दोनच. एक बंद पडला की उरलेला धडधाकट असूनही "कोरम नाही" म्हणून बसून राहतो: चालू मशीन चालू ठेवतो, पण पडलेली सुरू करत नाही. आपोआप सुरू करण्याची उच्च उपलब्धतेची सोय चालू असेल, तर तो स्वतःलाच रीबूट करून घेतो. थोडक्यात, उच्च उपलब्धतेमुळे दोन्ही बंद. हौसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत कोरम भरला नाही की सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी हजर असतील तेवढ्यांत उरकतात. प्रॉक्समॉक्समध्येही "पीव्हीईसीएम एक्सपेक्टेड १" ही तशीच तरतूद आहे, पण सेक्रेटरीने स्वतः जाऊन ती टाइप करावी लागते आणि सेक्रेटरी त्या वेळी चिपळूणला लग्नात असतो. इलाज म्हणजे मतापुरता तिसरा गडी. रास्पबेरी पायसारखे तळहाताएवढे यंत्रही चालते. सात-आठ हजारांची ही वस्तू पहिल्या मीटिंगमध्ये मागायची राहिलेली असते, आणि दुसऱ्या मीटिंगला बजेट संपलेले असते.

डोंगल हा असाच दुर्लक्षित घटक. ड्रॉइंगच्या किंवा हिशेबाच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरची यूएसबी किल्ली पहिल्या सर्व्हरच्या पाठीत खोचलेली असते. रात्री मशीन दुसऱ्या सर्व्हरवर जाते, किल्ली जात नाही. सकाळी काका फोन करतात, "लायसन्स नाही म्हणतंय." सिस्टीमवाला जिन्याखाली जातो, किल्ली इकडून काढून तिकडे लावतो आणि अहवालात "स्वयंचलित स्थलांतर यशस्वी" असे लिहितो.

डिस्कच्या बाबतीत काटकसर विशेष रंगते. झेडएफएस या फाइल प्रणालीवर बरेच लिहिणे होते, आणि लॅपटॉपसाठीची स्वस्त एसएसडी ते सोसत नाही. प्रॉक्समॉक्सच्या डिस्कच्या पानावर "वेअरआउट" असा रकाना असतो. तो टक्क्यांनी चढत जातो आणि पेट्रोलच्या काट्याइतकाच मन लावून बघितला जातो, म्हणजे दिवा लागल्यावर. जागेचेही तेच. थिन प्रोव्हिजनिंगमध्ये दोन टीबीच्या डिस्कवर चार टीबी वाटता येतात आणि सगळे खूश असतात. ज्या दिवशी सगळे एकदम मागायला येतात त्या दिवशी सगळी मशीन एकदम थांबतात.

उरला बॅकअप, आणि खरे तर लेख इथूनच सुरू व्हायला हवा होता. "बॅकअप आहे का?" या प्रश्नाला "स्नॅपशॉट आहे ना" हे उत्तर सर्वत्र मिळते. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही जातो. शिवाय तो फुगत राहतो. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये अशी खुद्द व्हीएमवेअरची शिफारस आहे. कारखान्यांत "अपडेटच्या आधी" या नावाचा दोन वर्षांपूर्वीचा स्नॅपशॉट सहज सापडतो आणि तो पुसायचे धाडस कोणी करत नाही. यासाठी प्रॉक्समॉक्सचाच बॅकअप सर्व्हर २०२० पासून फुकट आहे. तो सारखी माहिती एकदाच साठवतो, त्यामुळे साधी मोठी हार्ड डिस्क लावलेला जुना पीसीही पुरतो. व्हीम नावाच्या बॅकअप सॉफ्टवेअरची दहा मशीनपर्यंत फुकट असलेली आवृत्तीही आहे, आणि २०२४ पासून व्हीम प्रॉक्समॉक्सलाही ओळखते. बॅकअप रोज रात्री होतो आणि "सक्सेसफुल" असा मेल येतो. तो मेल वेगळ्या फोल्डरात जावा असा नियम लावलेला असतो. "फेल्ड"चा मेलही त्याच फोल्डरात जातो.

तेव्हा दोन-तीन सर्व्हर, दहाच्या आत मशीन आणि सांभाळणारा एकच माणूस असेल, तर प्रॉक्समॉक्स घ्यावे आणि मतापुरते तिसरे यंत्र पहिल्याच मागणीपत्रात लिहावे. सगळी मशीन विंडोजची असतील आणि लायसन्स आधीच घेतलेले असेल, तर हायपर-व्हीला नाक मुरडू नये. व्हीएमवेअरचे जुने कायमस्वरूपी लायसन्स असेल तर ते चालते, पण पाठिंब्याचा करार संपल्यावर नवीन अपडेट मिळतील असे धरून चालू नये. एसएसडी सर्व्हरच्या दर्जाचीच घ्यावी. बॅकअपची डिस्क हायपरव्हायझरच्या आधी खरेदी करावी, ती दुसऱ्या खोलीत ठेवावी, आणि महिन्यातून एकदा तिच्यावरून एखादे मशीन प्रत्यक्ष उभे करून बघावे. वजनकाट्याचे घेतलेत तर पावती निघते का तेही.